‘संशोधनात सहभाग’ या नावाखाली गेलेले ५४ हजार रुपये

गेल्या पावसाळ्यात आईच्या दाढेला पू झाला आणि तिला क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचा कोर्स देण्यात आला. तो संपून आठवडाही उलटला नव्हता, तोच तिला दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब होऊ लागले. पावसाळ्यात जुलाब म्हटले की पहिला संशय पाण्यावर जातो, त्यामुळे नौपाड्यातील आमच्या इमारतीची टाकीसुद्धा आम्ही धुवून घेतली. शेवटी स्टूल टेस्टमध्ये क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जीवाणूचे विष आढळले. प्रतिजैविकांनी आतड्यातील नेहमीचे जीवाणू मारले जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हा जीवाणू माजतो, हे आम्हाला तेव्हा कळले. व्हँकोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाने ती बरी झाली, पण तीन आठवड्यांनी दुखणे उलटले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा उलटले. पहिल्या खेपेनंतर साधारण पाचातील एका रुग्णाला हा त्रास पुन्हा होतो आणि एकदा उलटला की पुढची शक्यता वाढत जाते, याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती. तरी सदुसष्ट वर्षांच्या बाईला संडासाच्या दाराशी भिंतीला धरून उभे राहिलेले पाहिले की शक्यतांचा हिशेब डोक्यात राहत नाही.

अशा मनःस्थितीत दादाच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सानपाड्यातील एका ‘संशोधन केंद्रा’चा नंबर दिला. तिथल्या समन्वयकाने, निरोगी दात्याच्या शौचातील जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराची चाचणी सुरू असल्याचे आणि त्यात दोनच जागा उरल्याचे सांगितले. पुरावा म्हणून त्याने २०१३ साली प्रसिद्ध झालेला नेदरलँड्समधील अभ्यास पुढे केला. हा अभ्यास खरा आहे, आणि माझी फसगत नेमकी तिथेच झाली. घरी येऊन मी तो शोधला, वाचला. दात्याचे जीवाणू दिलेल्या १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले होते, तर केवळ व्हँकोमायसिन घेतलेल्या १३ पैकी चौघेच. कागद खरा निघाला, म्हणून कागद दाखवणारा माणूसही खरा असेल असे मी गृहीत धरले. मी बँकेत नोकरी करते आणि दिवसभर लोकांकडे केवायसीची कागदपत्रे मागते, हे इथे लिहिताना लाज वाटते.

‘नोंदणी शुल्क’ म्हणून ५४ हजार रुपये यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात भरायला लावले. पावतीवर मात्र ‘वेलनेस सल्ला’ असे छापलेले होते. संमतिपत्र चार पानी होते, त्यातील दात्याच्या तपासण्यांचा रकाना कोरा होता आणि आम्हाला प्रत दिली नाही. आई नंतर म्हणाली, “अगं, सही कुठे करायची तेवढंच त्यांनी मला बोटाने दाखवलं.” साठ कॅप्सूलची पांढरी डबी हाती ठेवून, रोज दोन घ्या आणि व्हँकोमायसिन आजच बंद करा, असे सांगण्यात आले. ‘नाहीतर आमचे जीवाणू मरतील’ हे कारण ऐकायला पटण्यासारखे होते, कारण खऱ्या उपचारातही जीवाणू देण्याआधी प्रतिजैविक थांबवतात. पण तिथे आधी आजार आटोक्यात आणलेला असतो. आमचा कोर्स अर्धाच झाला होता.

नवव्या दिवशी आईला चक्कर आली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील पोटॅशियम २.८ वर उतरले होते. तिथल्या पोटविकारतज्ज्ञ बाईंनी डबी पाहायला मागितली. दमट हवेने लेबलचा कोपरा सुटला होता, तो त्यांनी नखाने उचलला तर खाली दुसरे लेबल निघाले. त्यावर सॅकरोमायसिस बुलार्डी असे स्पष्ट वाचता येत होते. ते एक यीस्ट आहे आणि त्याच्या कॅप्सूल कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतात. दात्याच्या जीवाणूंचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मी अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, दात्याच्या जीवाणूंपासून बनवलेल्या कॅप्सूलविषयी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्या रोज चार याप्रमाणे फक्त तीन दिवस घ्यायच्या असतात, त्यामुळे महिनाभर रोज दोन हे गणितच कुठून आले ते त्यांना कळेना. एका अर्थी डबीत यीस्ट निघाले हे नशीबच. २०१९ मध्ये अमेरिकेत, नीट न तपासलेल्या दात्याच्या शौचातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांच्या शरीरात गेला आणि त्यांतील एक दगावला.

मग संमतिपत्राच्या फोटोवरचा नोंदणी क्रमांक मी सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकला. भारतातील औषधचाचण्यांची ही नोंदवही आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे असून ती कोणालाही फुकट पाहता येते, आणि जून २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक गुडघेदुखीवरच्या कुठल्यातरी चाचणीचा निघाला. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही मी तेव्हाच वाचली. संशोधनाशी संबंधित खर्च सहभागी व्यक्तीकडून घेऊ नये, असे त्यांत सरळ म्हटले आहे. याचा अर्थ, पैसे मागितले त्याच क्षणी मी उठून यायला हवे होते. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार सही केलेल्या संमतिपत्राची प्रतही रुग्णाला द्यावी लागते. फोटो होता तो केवळ दादाने सवयीने काढला म्हणून.

आईला या वेळी व्हँकोमायसिन काही आठवडे हळूहळू मात्रा उतरवत दिले. वर्षानुवर्षे कारणाशिवाय चाललेली ॲसिडिटीची गोळी बंद केली. या जीवाणूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, म्हणून घरात सगळ्यांना साबणाने हात धुणे आणि संडास ब्लीचने पुसणे लावून दिले. गेले चार महिने ती ठीक आहे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर त्या खात्यातून पैसे निघून गेले होते. पोलिसांकडे डबी, पावती आणि संमतिपत्राचे फोटो दिले आहेत. अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार केली आहे. केंद्राच्या जागी आता शटर खाली आहे, पण समन्वयकाचा नंबर चालू आहे. गेल्या मंगळवारी त्यावरून आईच्या मोबाइलवर निरोप आला, की दुसऱ्या टप्प्यासाठी जुन्या सहभागींना शुल्कात सवलत आहे. तो निरोप मी तसाच पोलिसांना पाठवला.