मांडव्याला उतरणारा नालबंद

अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात ज्यांच्या वाडीत एखाद-दुसरा घोडा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्याकडे पेंढा मिळतो, चुणी-भरडा मिळतो, गुरांचे डॉक्टर फोन केला की येतात. अडतं ते खुरांपाशी. नागाव-काशिदच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारणारे घोडेवाले आपलं आपण निभावून नेतात, पण घरच्या घोड्यासाठी सीझनमध्ये त्यांना सवड नसते.

आमच्याकडे येतात ते नालबंद मुंबईचे, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर काम करणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. भाऊच्या धक्क्यावर स्कूटर रो-रोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, चढवायची, पायाशी हत्यारांची पेटी, आणि मांडव्याहून थेट आमच्या खळ्यात. आले की लगेच पेटी उघडत नाहीत. "पहले चालवा तिला," एवढंच म्हणतात. मग शेवंतीला, म्हणजे आमच्या घोडीला, चिऱ्यांच्या फरशीवरून दोन-तीनदा न्यायचं-आणायचं. ते मागून बघतात, बाजूने बघतात, टापांचा आवाज ऐकतात. नंतर पाय उचलून खूर पुसतात आणि चक्क वास घेतात. पावसाळ्यात तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या कडेची खाच कुजायला लागते, तेव्हा डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. तसं असेल तर आधी ती खाच साफ होते. वाकडी सुरी, पक्कड, कानस हे सगळं त्यानंतर.

खूर महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, म्हणून 6 ते 8 आठवड्यांनी छाटणी लागतेच. पण किती छाटायचं यातच कसब आहे. यांच्याआधी एक जण यायचे. ते घोडीच्या ओठाला दोरी पिळून तिला उभी करायचे आणि इतकं खोल कापायचे की ती पुढे कितीतरी दिवस पाय राखून चालायची. चाचांकडे दोरी नाही. घोडीने पाय ओढला की सोडून देतात, चहाचा घोट घेतात, पुन्हा उचलतात. वेळ लागतो. लागू दे.

मला मनापासून आवडलं ते वेगळंच. पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, अब नाल काढून टाका. बारिश संपली की बघू." छाटणीपेक्षा नाल ठोकण्यात पैसे जास्त, तरी हे सांगणारा माणूस! कारणही पटण्यासारखं होतं. खूर सतत ओला राहिला की मऊ पडतो, खिळ्यांची पकड ढिली होते, आणि वाडीच्या चिखलात पाय रुतला की नाल निघतो तो खुराची कड घेऊनच. त्यामुळे शेवंती पावसाळाभर अनवाणी असते. दिवाळीनंतर खडीच्या रस्त्यावर रपेट सुरू झाली की पुढच्या दोन पायांना नाल. आमचा म्हातारा तट्टू बाळ्या वाडीच्या मातीत आणि किनाऱ्याच्या वाळूत फिरतो, त्याला नालच लागत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

काढलेला प्रत्येक खिळा डब्यात पडतो आणि जाताना मोजला जातो. अंगणात कोंबड्या मोकळ्या असतात, चकाकेल त्यावर चोच मारतात, त्यामुळे मला याचं फार वाटतं. मात्र खुराचे तुकडे ते मुद्दाम आमच्या खंड्याला टाकतात. कुत्र्यांना ते पेढ्यांसारखे. रात्री पडवीत ओकून ठेवतो तेव्हा चाचा बोटीतून कधीच घरी पोचलेले असतात. याचा अर्धा गुण कापला. खंड्याची नखंही कापून द्याल का, असं विचारून पाहिलं होतं. "वो चावतो," म्हणाले आणि पेटी बंद केली. पेटीवर झोपलेल्या मांजरीला मात्र आधी हलकेच उचलून ठेवलं.

आता तक्रारी. तारीख फक्त फोनवर ठरते आणि आदल्या रात्रीपर्यंत पक्की नसते. समुद्र खवळला की रो-रो बंद, मग सगळंच पुढे. त्यातून पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात, म्हणजे खुरांना सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच चाचा घाटावर. तिथून खोपोली-पेणमार्गे येतात, वडखळच्या गर्दीत अडकतात आणि अंधार पडताना उगवतात. एकदा मागचे दोन पाय बॅटरीच्या उजेडात झाले. काम चांगलं झालं, पण माझ्या जिवाला घोर. तेव्हापासून मी सकाळचीच वेळ मागते, नाहीतर दुसरा दिवस.

दर आधी सांगतात, नंतर वाढवत नाहीत. प्रवासखर्च वेगळा, तो एकट्या घोड्यावर पडला तर जड जातो. आम्ही आजूबाजूच्या तीन-चार वाड्या मिळून बोलावतो आणि खर्च वाटून घेतो. पावती मात्र मागू नका, मिळणार नाही.

बोलावलंत तर सपाट, कोरडी, सावलीची जागा ठेवा. घोडा आखूड बांधू नका. त्याच्या ओळखीचं माणूस म्होरकी धरून उभं राहिलं की पुरे. पाय आदल्या दिवशीच धुवा. मागच्या खेपेला चौलच्या एकांनी घोडा चिखलातून थेट आणून उभा केला. चाचांनी तासभर पाय सुकू दिले, दोनदा चहा घेतला, आणि दर तोच लावला.