उसातले बिनतारी सेन्सर: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

निपाणीकडे वेदगंगेकाठच्या काळ्या रानात आमचा ठिबकवरचा ऊस आहे. त्यात मातीची ओल मोजणारे सेन्सर उन्हाळ्यापासून आहेत. ‘न्यूरल नेटवर्कमुळे बॅटरी टिकते’ असं सांगून ते विकले गेले (न्यूरल नेटवर्क म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम). ते खरं आहे, पण अर्धंच.

ओल मोजायला बॅटरी फारशी लागत नाही, ती खातो रेडिओ. लोराचा, म्हणजे थोड्या विजेत छोटे निरोप लांब पोचवणाऱ्या बिनतारी पद्धतीचा, रेडिओ (865 ते 867 मेगाहर्ट्झ, परवाना लागत नाही) झोपेत मायक्रोअँपियरवर असतो. बोलायला लागला की पॉवरप्रमाणे 20 ते 120 मिलिअँपियर ओढतो. म्हणून सेन्सरमध्ये न्यूरल नेटवर्कचं काही किलोबाइटचं छोटं मॉडेल बसवलंय. पुढचा आकडा काय येईल याचा ते अंदाज बांधतं. तेच मॉडेल घरच्या गेटवेतही, म्हणजे सेन्सरचे निरोप घेणाऱ्या डब्यातही, चालतं. अंदाज आणि मोजणी जुळली की सेन्सर गप्प. गेटवे स्वतःचाच अंदाज लिहून घेतो.

उन्हाळ्यात दोन पाण्यांच्या मधे ओल एका चालीनं उतरते, तेव्हा हे झकास चाललं. वळवानं घोळ घातला. अंदाज चुकत गेले आणि निरोपांचा मारा सुरू झाला. जुलैच्या झडीत मात्र माती तुडुंब, आकडा हलेना, सेन्सर पुन्हा शांत. पावसात बॅटरी जास्त जाईल असं मला वाटलं होतं, झालं उलट.

खरा दणका उसानं दिला. भरणीनंतर ऊस डोक्यावर गेला, सिग्नल पडला आणि रेडिओ स्प्रेडिंग फॅक्टर 7 वरून 12 वर गेला (हा आकडा मोठा तसा निरोप लांब पोचतो, पण हळू जातो). तिथे तोच निरोप पाठवायला वीसपटीहून जास्त वेळ लागतो. मॉडेलनं वाचवलेलं इथं वाहून गेलं. अँटेना बांबूवर उसाच्या वर नेली, मग बॅटरी सावरली.

तक्रार एकच, पण मोठी. एक सेन्सर बंद पडला तरी अ‍ॅपवर रेघ सुरेख चालूच, कारण ती सगळी अंदाजाची! मोजलेलं आणि अंदाजाचं एकाच रंगात दाखवतात. सेटिंगमध्ये दर सहा तासांनी ‘जिवंत आहे’ असा निरोप चालू करता येतो. तो पहिल्याच दिवशी करा. (अ‍ॅप कन्नड आणि इंग्रजीत आहे, मराठी नाही. वडील कन्नड वाचतात म्हणून निभावलं.)

रान घराला लागून असेल तर खर्च करू नका, वाफसा मूठभर मातीत कळतो. आमच्यासारखं लांब असेल आणि पंपाची थ्री-फेज वीज रात्रीच येत असेल, तर घ्या. बांबूचे पैसे वेगळे धरा.