स्टुडिओत ढोल-ताशा रेकॉर्ड करताय? माइक मोजू नका, वायर कुठे जाते ते बघा

‘पथकाचं वादन लाइव्ह रेकॉर्ड करून मिळेल, १६ चॅनेल, मिक्सिंग-मास्टरिंगसकट’ अशा जाहिराती गणपतीच्या आधी नाशिकमधल्या पथकांच्या ग्रुपवर फिरायला लागतात. त्यातल्या एकाने आम्हाला पैसे घेऊन जे दिलं ते आमचं वादन नव्हतंच. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण ही फसवणूक होते कशी आणि पकडायची कशी ते सविस्तर लिहितो, कारण नुसतं ऐकून ती कळत नाही. ऐकून तर आमच्याकडे शिट्ट्या पडल्या होत्या.

व्यवहार असा ठरला: पाच ढोल, दोन ताशे, सोबत बेस गिटार आणि की-बोर्ड, पाच मिनिटांचा एक ट्रॅक. २८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३३,०४०. त्यातले १५,००० आगाऊ. बिलावर जीएसटीची रक्कम छापलेली, जीएसटी क्रमांक मात्र कुठेच नाही. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी वसूल करताच येत नाही. आम्ही विचारलं तर म्हणाला, “भाऊ, सीएकडे आहे, पाठवतो.” तो क्रमांक अजून यायचा आहे.

खोली दहा बाय बाराची. भिंतींना काळा फोम, निळे दिवे, फोटो काढायला एकदम झकास. फोम पातळ असला की तो वरचा, तीक्ष्ण आवाज मारतो. खालचा घुमारा त्याला दाद देत नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज साठतो, दहा फुटांत ५६ च्या आसपास. म्हणजे ढोलाचा टोल पडला की कोपऱ्यात नुसता गदारोळ आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला टोल पोकळ लागतो. ज्याला काम येतं तो आधीच सांगतो, एवढ्या खोलीत पाच ढोल आणू नका, एकेक वाजवू किंवा मोठा हॉल घेऊ. याने विचारलं, “फेटे आणलेत ना?”

प्रत्येक ढोलासमोर एक, ताशांवर एकेक आणि वर छताकडे एक, असे आठ माइक लावले. सगळ्या वायरी एका पेटीत, पेटीतून निघालेली जाड केबल टेबलाखाली. आम्ही जीव तोडून वाजवलं. सगळे आवाज जुळवून केलेला मिक्स आला तेव्हा टोल असा घुमत होता की वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली आहे असं वाटावं.

खटकलं ते आमच्या ताशेवाल्याला. तो डावखुरा आहे. तर्री, म्हणजे ताशाचे सलग भरभर ठोके, उचलताना त्याचा पहिला ठोका डाव्या हाताचा आणि भारी पडतो, त्यामुळे त्याची तर्री किंचित लंगडते. आम्हा सगळ्यांना ती लांबूनही ओळखू येते. मिक्स ऐकून तो एवढंच म्हणाला, “हा माझा हात नाही.” पथकप्रमुखांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्याला गप्प बसवलं. स्टुडिओत आवाज वेगळाच येतो म्हणे.

मग त्या दिवशीचे फोटो काढून बसलो. एका फोटोत आमच्या मागे टेबल दिसतं. मोठा करून बघितला तर टेबलावरच्या इंटरफेसला, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीला, माइकची दोनच तोंडं होती आणि दोन्हींत वायरी. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही दोनच आडव्या पट्ट्या हलताना पकडल्या गेल्या होत्या. बाकी सहा माइकची केबल टेबलाखाली जाऊन तिथेच संपत होती.

आम्ही रॉ ट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचं वेगवेगळं, मिक्स न केलेलं रेकॉर्डिंग, मागितले. आधी उत्तर आलं, फाइल फार मोठ्या आहेत, पाठवता येत नाहीत. हे थोतांड आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतो. आठ ट्रॅक, पाच मिनिटं म्हणजे साडेतीनशे एमबीच्या आत-बाहेर. खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतं. मग म्हणाला, हार्डडिस्क उडाली. मग म्हणाला, १२,००० जास्तीचे द्या, काढून देतो. अण्णांनी आवाज चढवला तेव्हा झिप फाइल आली आणि त्यात तो पुरता अडकला.

‘ढोल ३’ नावाचा ट्रॅक उघडला. ढोलाशिवाय त्यात काही नाही. त्या खोलीत ताशा वाजताना शेजारच्याच्या कानाशी ओरडावं लागत होतं आणि या ट्रॅकवर ताशाचा टिपूससुद्धा नाही! एकाच खोलीत एकत्र वाजवलं की प्रत्येक माइकमध्ये शेजाऱ्याचा आवाज झिरपतोच. पुढची तपासणी आमच्यातल्या एकाच्या भावाने केली, तो साउंडचं शिकतोय. ऑडासिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात त्याने त्या ट्रॅकवरचे दोन टोल कापून एकाखाली एक ठेवले, सुरुवात तंतोतंत जुळवली आणि एकाला ‘इन्व्हर्ट’ केलं, म्हणजे त्याची लहर उलटी केली; दोन्ही आवाज हुबेहूब सारखे असतील तरच ते एकमेकांना पुसून टाकतात. प्ले दाबलं तर पूर्ण शांतता. दोन टोल एकमेकांना खाऊन बसले. माणसाच्या हातचे दोन टोल असे कधीच कटत नाहीत. टिपरू (ढोलाची काठी) पानावर (ढोलाच्या पडद्यावर) केसभर इकडेतिकडे पडतं, जोर बदलतो, काहीतरी उरतंच. हा एकच तयार टोल होता, शेकडो वेळा चिकटवलेला. आमचं दोन माइकवरचं वादन त्याने फक्त वरून गिरवायला वापरलं होतं.

लयीतही तेच. पथकाचं वादन चढत जातं, चढलं नाही तर मजा काय? हा ट्रॅक पहिल्या टोलापासून शेवटापर्यंत १०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांना, खिळलेला. पुढे निफाडकडच्या एका पथकाचा ट्रॅक ऐकायला मिळाला, स्टुडिओ तोच. सुरुवातीचे आठ टोल आमचेच. किंवा त्यांचे. किंवा कुणाचेच नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. ड्रमच्या आवाजाखाली तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ठोका, घालणं हा काही गुन्हा नाही. रॉक बँडच्या मिक्समध्ये किक आणि स्नेअर या ड्रमना असा आधार सर्रास देतात, आणि चांगला माणूस ते आधी सांगतो. प्रोग्रॅम केलेला ट्रॅक हवा असता तर आम्ही टेम्पो करून ढोल कशाला नेले असते? लाइव्हचे पैसे घेऊन हे दिलं, भांडण तिथे आहे.

आता इंदिरानगरच्या असोत की पंचवटीच्या, ज्या पथकांना रेकॉर्डिंग करायचंय त्यांनी वाजवण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा, प्रत्येक टेकला. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. त्यामुळे खऱ्या रॉ ट्रॅकमध्ये ती टाळी प्रत्येक माइकवर सापडते, अंतराप्रमाणे जराशी मागेपुढे. तयार टोल चिकटवणाऱ्याला ती टाळी आयती मिळत नाही. दुसरं, पहिला टेक झाला की थांबा आणि एकेक ट्रॅक ‘सोलो’ करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून, ऐकवायला सांगा. ज्याच्याकडे खरंच आठ ट्रॅक आहेत त्याला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे नाहीत तो चहा मागवतो. उरलेले पैसे द्याल ते रॉ ट्रॅक पेनड्राइव्हवर घेतल्यावरच, आणि ‘रेकॉर्डिंगचा मालक पथक, रॉ ट्रॅकसह’ हे कागदावर सहीनिशी घ्या. कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतो, तोंडी चालत नाही, हे उद्या तोच तुमचा ट्रॅक दुसरीकडे विकायला निघाला तर उपयोगी पडतं.

आमचं पुढे काय झालं? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याचा काही परिणाम दिसला नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर मात्र ६,००० परत आले, निरोपासकट: “आता मिटवा दादा.” बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘लाइव्ह म्हणजे लाइव्ह’ हे त्याचं वाक्य, तो फोटो आणि झिप फाइल जोडली.

त्याचा लेखी जबाब आला आहे. वादनाबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणणं एवढंच की पथक सुपाऱ्या घेतं, म्हणजे रेकॉर्डिंग व्यावसायिक कामासाठी होतं, म्हणून आम्ही ‘ग्राहक’ नाही. कायद्यात तशी तरतूद आहे खरी, त्यामुळे हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. रेकॉर्डिंगचे पैसे सुपारीतून नव्हे, पोरापोरांच्या वर्गणीतून जमले होते. अण्णांनी वर्गणीची वही झेरॉक्स करून जोडली आहे, सुनावणी अजून व्हायची आहे.