पार्लरचे ६० टॉवेल आणि सॅम्पलची हजेरी

जुळे सोलापुरात माझं छोटं पार्लर आहे. टॉवेलचं कायमचं रडगाणं: क्लिपा-पिनांत अडकून दोन महिन्यांत धागे ओढले जातात. आधी जिथून घ्यायचे तिथे सांगितलं, तर "टॉवेल असाच येतो मॅडम" म्हणून फोन ठेवला. शेवटी नणंदेने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पाठवलं.

शेठनी तक्रार ऐकली आणि माग चालवणाऱ्या मामांनाच बोलावलं. "काय होतंय ते त्यांनाच सांगा ताई." मामांनी माझा जुना टॉवेल उलटासुलटा केला. टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन थर असतात म्हणे, एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याचे लूप बनतात, आणि ते उंच असले की पिन अडकणारच. बुटके करून बघू. कापून मखमली केले तर पाणी कमी पिईल, ते नको.

पहिला नमुना निव्वळ गोणपाट! मला वाटलं, आता मामांचे पैसे कापणार. माझे सासरे मागावरच होते. पीसवर मजुरी, पीस बिघडला की कपात. पंचवीस वर्षांत त्यांनी मालकाला एक बदल सुचवला नाही, कशाला सुचवतील? इथे सॅम्पलचा वेळ हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर धरतात, पीसवर नाही. फसलेले तुकडे भिंतीवर खिळ्याला अडकवलेले, प्रत्येकावर काय चुकलं ते तेलुगूत लिहिलेलं. मी मोजले, अकरा होते. माझा बारावा.

दुसरा नमुना जमला. ६० नग घेतले, गडद चॉकलेटी. तीन महिने रोज धुतेय, धागे ओढले गेलेत फक्त दोन टॉवेलांचे. नवे असताना पाणी नीट टिपत नाहीत, दोन-तीनदा धुऊन मगच वापरा.

आता तक्रार. माल बारा दिवस उशिरा आला. मध्ये नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, म्हणजे इथल्या तेलुगू विणकर पद्मशाली समाजाच्या देवाची मिरवणूक, कारखाना बंद, ते मान्य. पण एक फोन करायला काय जातं? शिवाय साध्या टॉवेलपेक्षा नगामागे १५ रुपये जास्त पडले. घाई असेल तर सरळ चाटी गल्लीच्या कापडबाजारातून तयार माल घ्या.

मी मात्र परवाच नॅपकिन सांगून आले. मामांनी आपणहून विचारलं, "कोपऱ्याला टांगायची नाडी विणून देऊ का?"