रेवदंड्याचा होमस्टे: सी व्ह्यू विसरा, किल्ल्याच्या आत राहायला मिळतं ते बघा

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते आधी सांगून टाकते म्हणजे मोकळी. फोटोत खोलीच्या खिडकीतून जो समुद्र दिसतो ना, तो खिडकीतून दिसतच नाही, तो फोटो गच्चीवरच्या टाकीपाशी उभं राहून काढलाय. खिडकीतून दिसतात नारळ, पोफळी आणि शेजारच्यांची म्हैस. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या अहो ताई, समुद्र काय पळून जातोय का, मागचं फाटक उघडा आणि पाच मिनिटं चाला. ते खरं निघालं म्हणून जास्त भांडले नाही, पण फोटो बदला हो काका.

बाकी खोली स्वच्छ, एसी चालतो, गीझरचं पाणी जरा मचूळ लागतं त्यामुळे शांपूला फेस येत नाही, आणि संध्याकाळी दार उघडं ठेवलंत तर डासांची वरात आत येते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आम्ही मुंबईकर अलिबाग म्हटलं की थेट काशीदला पळतो, पांढरी वाळू, घोडे, बाइक, मॅगी, झालं. रेवदंडा मधे लागतो तो फक्त चहाला. आणि हे सगळं गाव पोर्तुगीजांच्या किल्ल्यात वसलंय हे मला या वयात, तेही एसटीत बसल्या बसल्या कळलं, कारण रस्ता तटबंदीतूनच आत येतो. आम्ही गेटवेवरून मांडव्याची लाँच घेतली, तिकिटातच अलिबागपर्यंत बस असते, तिथून मुरूडची एसटी. होमस्टेची वाडी पण तटाच्या आतच, मागच्या भिंतीचे दगड बघून सासूबाई म्हणाल्या ही भिंत काही यांच्या आजोबांनी बांधलेली नाही.

पोरांना सातखणी मनोरा बघायला नेलं तर धाकटा मजले मोजत बसला आणि सात भरेनात म्हणून माझ्यावरच चिडला. हा मूळचा चर्चचा मनोरा, वरचे मजले पडलेत. याच बंदरात, म्हणजे तेव्हाच्या चौल बंदरात, 1508 साली इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने मिळून पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला, हे सांगितल्यावर मात्र दोघंही गप्प ऐकत होते. त्याच्याही आधी, 1469 च्या सुमारास, निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला होता, त्याचं स्मारक इथल्या एका शाळेच्या आवारात आहे. म्हणजे जे चौल आज आपल्याला रस्त्यावरची पाटी वाटतं ते तेव्हा परदेशात माहीत असलेलं बंदर होतं.

बीचबद्दल खरं सांगते. वाळू काळपट, पाणी गढूळ, पोहायला मजा नाही आणि समोर साळावचा कारखाना आणि बार्जेस दिसतात. ज्यांना निळं पाणी पाहिजे त्यांनी येऊच नका. पण ओहोटीला तटाच्या बाहेरून कडेकडेने चालत जायचं, एका बाजूला सुरूची झाडं, दुसरीकडे अर्धी वाळूत बुडालेली भिंत, शनिवारी संध्याकाळीसुद्धा माणसं मोजून दहा. मला हे काशीदपेक्षा दहापट आवडलं, नवऱ्याला नाही आवडलं, त्याला मॅगी पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून खाडीचा पूल ओलांडून कोर्लईला. कोळीवाड्यातून जाताना सुकट वाळत घातलेलं, नाक धरू नका, लोकांचं घर आहे ते. दीपगृहापाशी गाडी थांबते आणि तिथून पायऱ्या चढून किल्ला. डोंगराची जीभ समुद्रात गेलीय तिच्यावर हा चिंचोळा, एकामागून एक दरवाजे, छप्पर गेलेलं चर्च आणि जवळच महादेवाचं देऊळ. 1594 ला पोर्तुगीजांनी हा निजामशाहीकडून घेतला, 1740 ला हा सगळा भाग मराठ्यांकडे आला. वर सावली नावाला नाही, पाणी मिळत नाही, सकाळी आठच्या आत चढा, आम्ही साडेदहाला चढलो आणि सासूबाई अर्ध्यातून परत फिरल्या.

पण माझ्यासाठी खरी कोर्लई खाली गावात होती. दोन बायका मासळीच्या पाटीवर बोलत होत्या, मला वाटलं कोकणी असेल, रिक्षावाले दादा म्हणाले नाही ताई, ही त्यांची वेगळीच, नो लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली, आणि बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास, तेही या एका गावातले ख्रिश्चन. पोर्तुगीज मालक जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली आणि बोली अजून मासे विकतेय. मी उगाचच एक किलो कोलंबी घेतली त्या ऐकण्याच्या नादात.

ती कोलंबी काकूंनी काही कुरकुर न करता करून दिली, मसाल्याचे पण वेगळे पैसे लावले नाहीत. जेवण हाच या होमस्टेचा खरा स्टार. तांदळाची भाकरी गरम गरम येतच राहते, बोंबील कुरकुरीत, आणि आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलो म्हणून पोपटी मिळाली, मडक्यात वालाच्या शेंगा आणि चिकन, भांबुर्डीचा पाला घालून, वाडीतच जाळ करून. पोरांनी मोबाईल बाजूला ठेवला, त्यावरून समजा.

बुक करताना वरची मागची खोली मागा, खालच्या खोलीत पहाटे पाच वाजता पाण्याचा पंप कानाशी सुरू होतो. आणि कॅश न्या, निघताना काकांचा क्यूआर काही केल्या चालेना, नवरा रेंज शोधत फाटकापर्यंत गेला तेव्हा कुठे पैसे गेले, आणि तिथे उभ्या उभ्या त्याला होमस्टेच्या आवारातून पहिल्यांदा समुद्र दिसला.