बिटकॉइन ॲड्रेस आपलाच आहे हे मेसेज साइन करून दाखवणं: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी मत सांगून टाकतो. ॲड्रेस आपल्याच ताब्यात आहे हे दाखवायला मेसेज साइन करण्याइतका, म्हणजे त्या ॲड्रेसच्या गुप्त किल्लीने (प्रायव्हेट कीने) एखाद्या मजकुरावर डिजिटल सही करण्याइतका, चांगला मार्ग दुसरा नाही, पण सहीच्या फॉरमॅटचा घोळ अजून मिटलेला नाही आणि नवा माणूस तिथे हमखास अडकतो.

मी जर्मनीत असतो. युरोपात ३० डिसेंबर २०२४ पासून नियम आलाय की एक्सचेंजवरून (कॉइन्सची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडून) स्वतःच्या वॉलेटमध्ये किंवा उलट १००० युरोच्या वर व्यवहार असेल तर तो ॲड्रेस खरंच ग्राहकाचा आहे का हे एक्सचेंजने तपासायचं. कुठे वॉलेटचा स्क्रीनशॉट मागतात, तो काय कोणीही बनवेल. कुठे ठरावीक छोटी रक्कम पाठवायला लावतात, त्यात फी जाते आणि व्यवहार ब्लॉकचेनवर पक्का होण्याची (कन्फर्मेशनची) वाट बघत बसायचं. साइन करायला एक पैसा लागत नाही, ब्लॉकचेनवर काहीच जात नाही, नेट बंद असलं तरी चालतं.

मी ट्रेझर (की सांभाळणारं छोटं हार्डवेअर डिव्हाइस) इलेक्ट्रम या वॉलेट ॲपला जोडून वापरतो. साइन मेसेजची खिडकी उघडायची, मजकूर आणि ॲड्रेस टाकायचा, मग तोच मजकूर डिव्हाइसच्या छोट्या स्क्रीनवर दिसतो, नीट वाचून बटण दाबलं की ८८ अक्षरांची सही येते, शेवटी = हे चिन्ह असलेली. प्रायव्हेट की डिव्हाइसच्या बाहेर येतच नाही. शिवाय साइन होताना मजकुराच्या आधी एक ठरलेली ओळ जोडली जाते त्यामुळे ती सही व्यवहार म्हणून वापरता येत नाही. इथेरियमवर मात्र सांभाळा, तिथे 'पर्मिट' नावाची नुसती सही घेऊनसुद्धा टोकन उचलता येतात.

आता घोळ. ही पद्धत मुळात १ ने सुरू होणाऱ्या जुन्या ॲड्रेससाठी होती. bc1 ने सुरू होणाऱ्या नव्या ॲड्रेससाठी इलेक्ट्रमची रीत वेगळी, बिप १३७ ची वेगळी (बिप म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणांचे क्रमांक दिलेले प्रस्ताव), आणि सगळ्यांना एकच असावी म्हणून बिप ३२२ आलं पण ते सगळीकडे पोचलेलं नाही. माझी बरोबर असलेली सही एका एक्सचेंजने परत परत नाकारली, सपोर्टवाले "पुन्हा प्रयत्न करा" एवढंच सांगत राहिले, शेवटी ट्रेझरच्या स्वतःच्या ॲपमध्ये फॉरमॅट बदलून तोच मेसेज साइन केला आणि लगेच पास झाला. म्हणून कोणता फॉरमॅट चालतो हे आधीच विचारा. मजकूरही कॉपी-पेस्टच करा, शेवटी एक स्पेस जास्त पडली किंवा मोबाइलने साधं अवतरणचिन्ह वाकडं केलं तरी सही फेल.

मेसेजमध्ये तारीख, कोणाला देताय आणि कशासाठी हे लिहाच. क्रेग राइट नावाच्या माणसाने २०१६ मध्ये आपण सातोशी, म्हणजे बिटकॉइनचा अज्ञात निर्माता, असल्याचा जो पुरावा दिला होता ती ब्लॉकचेनवर आधीपासून पडलेली जुनी सही निघाली. ताजा मजकूर मागितला की असली बनवाबनवी तिथेच संपते. उलट मे २०२० मध्ये, त्याने कोर्टात आपले म्हणून दिलेल्या यादीतल्या १४५ ॲड्रेसवरून कोणीतरी तो खोटारडा आहे असा मेसेज साइन करून टाकला, आणि कोणीही घरबसल्या तपासू शकत होतं. ही ताकद मला फार मोठी वाटते, कोणाच्या शब्दावर विसंबायची गरजच नाही. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टानेही तो सातोशी नाही असा निकाल दिला.

अर्थात सही फक्त एवढंच सांगते की साइन करणाऱ्याकडे प्रायव्हेट की आहे. चोराकडे की असेल तर त्याचीही सही तितकीच खरी ठरते. एक्सचेंजमध्येच ठेवलेल्या कॉइन्ससाठी तुम्हाला साइन करताच येणार नाही कारण प्रायव्हेट की एक्सचेंजकडे असते. आणि मल्टिसिग (एकापेक्षा जास्त की लागणारा ॲड्रेस) वापरत असाल तर जुन्या पद्धतीने जमत नाही, समोरचा बिप ३२२ घेत नसेल तर सध्या छोटी रक्कम पाठवूनच काम भागवा.