कस्टम्सने मालाची किंमत वाढवून धरली (व्हॅल्यू लोड झाली), आणि अपील करतो म्हणून सीएचएच्या माणसाने पैसे खाल्ले

इचलकरंजीत आमचं रॅपियर लूमच्या (कापड विणायच्या मागाच्या) स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, माल चीनवरून येतो. मागच्या एका कंटेनरला न्हावा शेवा बंदरात कस्टम्सने अडवलं, म्हणे दुसऱ्यांनी असाच माल जास्त भावाने आणलाय, तुमचा भाव कमी वाटतो. किलोला २.१० डॉलर दाखवले होते, ते ३.४० करायचे म्हणाले. आमची टीटी (बँकेतून पैसे पाठवल्याची नोंद), ऑर्डर, सप्लायरशी झालेलं सगळं बोलणं खरं होतं, एक रुपया लपवलेला नव्हता.

सीएचएकडून (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटकडून) जो माणूस आमचं काम बघायचा तो म्हणाला, शेठ आत्ता वाद नको, रोजचं भाडं चढतंय, एक लेटर द्या, माल सोडवू आणि मग अपीलमध्ये सगळे पैसे परत. लेटर त्यानेच टाइप करून पाठवलं, इंग्रजीत दोन ओळी, वाढवलेली व्हॅल्यू मान्य आहे आणि स्पीकिंग ऑर्डर (कारणं देणारी लेखी ऑर्डर) नको. मी घाईत लेटरहेडवर सही-शिक्का मारून दिला. इथेच घात झाला. लेखी मान्य केलं की ऑफिसरला कारणं देणारी ऑर्डर काढावीच लागत नाही, नाहीतर कस्टम्स कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे ती १५ दिवसांत द्यावी लागते. ड्युटी सगळी मिळून तीन लाखाच्या आसपास जास्त भरली, त्यातला आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) क्रेडिटला आला, बेसिक ड्युटी गेली ती गेलीच.

मग त्याने वकील फी म्हणून ३५ हजार घेतले आणि प्री-डिपॉझिट (अपीलाआधी भरायचे वादातल्या ड्युटीचे साडेसात टक्के) म्हणून २२ हजार, तेही स्वतःच्या गुगल पेवर. आता कळतंय की वादातली ड्युटी आपण आधीच पूर्ण भरलेली असेल तर साडेसात टक्के परत वेगळे भरायचे कशाला! आणि अपीलचा सीए-१ फॉर्म, त्यावर आयातदाराची सही लागते. माझ्याकडे तो कधी आलाच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दर महिन्याला फोन केला की शेठ तारीख लागली की सांगतो. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेल्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, मी बघून गप्प बसलो. पाचव्या महिन्यात धाकट्या भावाने तोच फोटो मोठा करून बघितला तर बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालाच्या कस्टम्समधल्या कागदाच्या) नंबरचे शेवटचे दोन आकडे आमचे नव्हतेच, दुसऱ्याच कुणाचा कागद होता. आम्ही स्वतः गेलो चौकशीला, आमच्या नावावर अपीलच नाही. कायद्यात अपीलची मुदत ६० दिवस, कारण पटलं तर वर ३०, तेही उलटून गेलेले. थेट रिफंड मागू म्हटलं तर आयटीसी कंपनीच्या २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असेसमेंटला (कस्टम्सने केलेल्या ड्युटीच्या आकारणीला) आव्हान देऊन ती बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळत नाही.

सगळ्यात जास्त हे टोचतं की आमची बाजू लढण्यासारखी होती. आयशर ट्रॅक्टर्सने जुन्या स्टॉकचे बेअरिंग ७७ टक्के डिस्काउंटने आणले होते, आणि २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राइस लिस्टपेक्षा प्रत्यक्ष दिलेली किंमतच धरली. नवीन ब्रोकर म्हणाला की भाड्याची भीती होती तर कलम ४९ खाली माल गोदामात हलवायला अर्ज करता आला असता, किंवा बाँड आणि बँक गॅरंटी देऊन प्रोव्हिजनल असेसमेंट (तात्पुरती आकारणी) मागता आली असती. हे दोन्ही मार्ग त्या माणसाने एकदाही तोंडातून काढले नाहीत.

तुमचा माल अडकला असेल तर वाढवलेली व्हॅल्यू मान्य असल्याचं लेटर देऊ नका हो, ड्युटी भरावीच लागली तर अंडर प्रोटेस्ट (मान्य नाही, तरी भरतोय) असं लिहून भरा, आणि अपीलची पोच स्वतःच्या हातात घ्या, फोटोवर विश्वास ठेवू नका. आणि त्या माणसाचं कस्टम्सचं कार्ड बघायला मागा. आमच्याकडे येणाऱ्याकडे कार्डच नव्हतं, लायसन्स दुसऱ्याचं होतं, हे तक्रार द्यायला गेलो तेव्हा कळलं. पोलिसांत अर्ज दिलाय, लायसन्सवाल्याविरुद्ध कस्टम्सकडेही दिलाय, अजून एक रुपया परत आलेला नाही.